नंदूच्या समुद्रावरची साय

ऑफिसात कामापेक्षा किस्से जास्त साठतात. काम निदान सोमवारवर ढकलता येतं, किस्सा मात्र त्याच दिवशी डबा खाताना ऐकावा लागतो. आमच्या विक्रोळीच्या ऑफिसातले निम्मे किस्से एकट्या नंदू सावंतचे. आणि नंदूचे सगळे किस्से त्याच्या मुलुंडच्या हॉलमधल्या तीन फुटी समुद्राचे!

गोड्या पाण्यातले मासे काय, कोणीही पाळतं. म्हणून नंदूसाहेबांनी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. त्यात घालायचं मीठ पाकिटातलं, तेही इम्पोर्टेड. ते पाकीट बघून त्याचे मालवणचे वडील, आप्पा, एवढंच म्हणाले, "आमच्याकडे समुद्र फुकट होतो."

*

पहिले दोन मासे महिन्याभरात गेले. पाण्यावर तेलकट साय धरायची, खाली हवा पोचायची नाही, मासे वर येऊन तोंड वासायचे. नंदूने मग केशरी-पांढऱ्या क्लाउन माशांची जोडी आणली आणि आम्हाला सांगून टाकलं, "ही पण गेली ना, तर टाकी विकणार. परत नाही बघवणार रे." त्या दिवशी आम्ही कोणीच त्याची खेचली नाही.

साय काढायला तो रोज सकाळी पाण्यावर टिश्यू पेपर अलगद पसरायचा आणि तेलासकट उचलायचा. देवपूजेत नसेल एवढी भक्ती! आप्पा चहा पीत बघत बसायचे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तेल निथळून झाला. भजी खंय आसत?"

*

आमच्या ऑफिसातले कुलकर्णी हे व्हिडिओ बघून तयार झालेले समुद्रतज्ज्ञ. एका रविवारी ते आमच्याबरोबर नंदूकडे आले, बाह्या सरसावल्या आणि "पंपाचं तोंड वर करा, वरचं पाणी हलतं राहिलं पाहिजे," असं म्हणत कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. फक्त रविवार असल्यामुळे कुलकर्णी अंगाला खोबरेल चोळून आले होते. पाण्यावर नवी साय, तीही इंद्रधनुष्यासकट! कुलकर्णींचं ज्ञान पाण्यावर तरंगताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

*

मग आला स्किमर, म्हणजे वरचं पाणी ओढून साफ करणारं यंत्र. साय कमी झाली, पण ते दिवसभर गुडगुडायचं. आप्पांच्या बातम्या चालू असायच्या. "कोण चूळ भरता रे इतको वेळ?"

*

तरी साय येतच होती. शेवटी नंदूने गुन्हेगार पकडला. स्वयंपाकघरात रोज सुरमई तळली जायची, तेलाची वाफ हॉलमध्ये यायची आणि थेट समुद्रावर बसायची. नंदूने घरात तळणबंदी जाहीर केली. मालवणी घरात!

आप्पा खुर्चीतून उठले. "मासे जगवूक आम्ही मासे खावचे नाय?"

यावर कुलकर्णींकडेही व्हिडिओ नव्हता. अखेर तळणाची शेगडी गॅलरीत गेली. आप्पांनी टाकीकडे बघणंच सोडलं. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मासे कसले, जावई आसत ते!"

*

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सोसायटीत वायरिंगचं काम निघालं. सकाळपासून लाइट नाही, हे सोसायटीच्या ग्रुपवरून नंदूला कळलं दुपारी दोनला, ऑफिसात. पंप बंद, स्किमर बंद, घरी फोन कोणी उचलत नाही. नंदूचा चेहरा पांढराफटक पडला. वाटेत बॅटरीवरचा पंप विकत घेऊन नंदू, कुलकर्णी आणि मी मुलुंडला पोचलो.

दार उघडंच होतं. टाकीसमोर स्टुलावर आप्पा. बनियन घामाने भिजलेलं, हातात आमटीचा डाव. पाणी उचलायचं आणि उंचावरून परत टाकीत सोडायचं. उचलायचं, सोडायचं. खाली दोन्ही क्लाउन मजेत फिरत होते.

"आप्पा, डावाला तेल..." नंदूच्या तोंडून निघून गेलं.

"तीनदा धुतलंय," आप्पा मान न वळवता म्हणाले. "साबण नाय लावूक."

नंदू मटकन खाली बसला. कुलकर्णींनी गुपचूप पंप जोडला. तेव्हा कुठे आप्पांनी डाव खाली ठेवला आणि खांदा चोळत बसले.

आतून नंदूच्या आईने हाक मारली, "अहो, सुरमयेक मसालो लावून ठेवलंय. गॅलरीत तळूक घेव?"

आप्पांनी एकदा टाकीकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "आज नको गो. पिठला कर."