मामंजींचा माऊस

कराडहून सांगलीला जाणाऱ्या एस्टीत ती शेजारी बसली होती. तिचं नाव मी विचारलं नाही, पण तिची ऐट लक्षात राहिली. मांडीवर पत्र्याचा डबा, त्यात हिरवा बोर्ड, बॅटरी, लहानसा स्क्रीन आणि स्पीकर. कराडातून घेतलेला नवा माऊस तिनं बोर्डाला जोडला.

"कॉम्प्युटर कुठंय, ताई?"

"ह्यो बोर्डच की. प्रोग्रॅम मीच लिवलाय, पायथनमधी. लकवा मारल्यापास्नं मामंजींची वाचा गेलीया. माऊस हलवला की स्क्रीनवर वाक्यं बदलत्यात. बटण दाबलं की डबा बोलतो."

"काय बोलतो?"

"आधी चहा, औषध, आंघोळ असलं घातलं हुतं. मामंजींनी माऊसला हातबी लावला न्हाई. मग त्यांच्या मनातलं घातलं, तर म्हैन्यात जुन्या माऊसचं बटण झिजवलं."

पदराला हात पुसून तिनं सावकाश बटण दाबलं. डब्यातून दणदणीत आवाज आला, "उसाला पाणी सोडलं का?"

पुढच्या सीटवरचे आजोबा मागं न वळताच म्हणाले, "कशाचं सोडतोय? लाइटच न्हाई."

"चालतंय," ती म्हणाली आणि माऊसची वायर गुंडाळू लागली.