हजेरीतला 'ल'

काल दुपारी शाळेत डबा खात होते, तेवढ्यात फोन आला. हातातली भाकरी हातातच राहिली...

मी पाथर्डी तालुक्यात एका वस्तीवरच्या शाळेत पहिलीला शिकवते. शब्दाचा शेवटचा आवाज मुलांना पटकन ओळखू येत नाही. 'कमळ'चा शेवट विचारला तरी पोरं छातीठोकपणे 'क' सांगतात!

म्हणून यंदा मी हजेरीच तशी घ्यायला लागले. अख्खं नाव घ्यायचं नाही, फक्त त्याचा शेवटचा आवाज म्हणायचा. 'शा' म्हटलं की आयेशा उभी. 'र' म्हटलं की ओंकार आणि समीर दोघंही उठतात आणि "मॅडम मला म्हनल्या" म्हणून भांडतात... रोज.

'ल' मात्र एकट्या कोमलचा. ती उठायची नाही, उडीच मारायची.

दिवाळी झाली आणि तिचे आईवडील ऊसतोडीला निघाले. आजी कोमलला ठेवून घ्यायला तयार होती, मीही घरी जाऊन विनवलं. पण "आमी फडात गेल्यावर धाकट्याला कोन बगनार, मॅडम?" असं तिची आई म्हणाली.

तरी मी रोज 'ल' म्हणते. "ती उसाला गेली, मॅडम," पोरं मलाच समजावतात. माहीत असतं हो... पण तिला गाळून पुढे जायला जीभ रेटत नाही. फार आठवण येते तिची. शिकलेलं विसरली तर, परत शाळेत आलीच नाही तर, असंही मनात येतं.

कालचा फोन तिच्या आईचा होता. "लई मागं लागलीय, बोला जरा," म्हणाली आणि फोन कोमलकडे दिला.

आता पोरगी भडाभडा बोलेल असं मला वाटलं. तर आधी ऐकू आलं ते अगदी जवळ धाकट्याचं रडणं.

मग हळूच म्हणाली, "मॅडम, माजा ल घेता का अजून?"

"घेते गं. रोज घेते."

"मंग कोन उठतं?"

"कुणीच नाही. तो तुझाच आहे."

मग म्हणाली, "मी हितं उठत जाईन. किती वाजता घेता?"

आज हजेरीला 'ल' म्हटलं आणि पोरांना बोटानंच गप्प केलं. नेहमीपेक्षा जास्त थांबले... कडेवरच्या भावाला खाली ठेवून उठायचं, म्हणजे तिला वेळ लागणारच.