ऑस्ट्रँडरांचं चौदावं नाणं

कल्पना करा, तुमच्यासमोर तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची पारदर्शक डबी आहे. चारही बाजूंनी पक्की सील केलेली. उघडायची सोयच नाही, कारण ती उघडायची नसते. आत चांदीचा अर्धा डॉलर, १९३६ सालचा. वरच्या चिठ्ठीवर छापलंय, की नाणं अस्सल आणि दर्जा सत्तरपैकी चौसष्ट. तुमच्या हातात पक्कड आहे. डबीचा कोपरा तिच्या तोंडात धरा आणि दाबत जा. प्लास्टिक कधी तडकेल सांगता येत नाही. त्याची कपची नाण्यावर घासली, तर ती रेघ तुमच्यामागेही राहील.

मंगळवारी दुपारी व्हर्लिन ऑस्ट्रँडरने स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेलची दुहेरी घडी अंथरून हेच केलं. आणि नाणं त्याचं नव्हतं.

व्हर्लिन एकाहत्तर वर्षांचा. नेब्रास्कातल्या गेरिंगला राहणारा, बीटच्या साखर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला. बायको गेल्यापासून त्याला एकच नाद होता. ऑरेगनला गेलेल्या बैलगाड्यांच्या वाटेची आठवण म्हणून काढलेले चांदीचे अर्धे डॉलर तो जमवायचा. संच चौदा नाण्यांचा. तेरा त्याच्याकडे होती, सगळी डबीबंद, सगळी पासष्ट दर्जाची.

चौदावं थोरल्या बहिणीचं, डेल्फाचं. त्यांची आजी हुल्डा पाच वर्षांची असताना बैलगाडीत बसून गेरिंगच्या या खोऱ्यात आली होती. नाण्यावर मावळतीकडे निघालेली तशीच गाडी बघून तिने ते घेतलं. आजीकडून ते वडिलांकडे आलं आणि वडिलांनी डेल्फाला दिलं. जुलैच्या जत्रेत पूर्ण संच काचेखाली मांडायचा, म्हणून व्हर्लिनने ते मागून आणलं होतं. देताना डेल्फा एवढंच म्हणाली होती, "जसं नेतोयस तसंच परत आण, व्हर्ल. तू हात लावलास की वस्तू सुधारतेच असं नाही. आईचं घड्याळ आठवतंय ना?"

पण तेरा पासष्टांच्या रांगेत ते एक चौसष्ट त्याच्या डोळ्यांत खुपत राहिलं. भिंगातून बघून बघून त्याची खात्री झाली, की वीस वर्षांपूर्वी तपासणाऱ्याने हात आखडता घेतला होता. डबी फोडून नाणं पुन्हा तपासायला पाठवायचं आणि एक आकडा वर चढवून घ्यायचा, हा खेळ नाणेवाले खेळतातच. त्याने स्वतःच्या नाण्यावर तो कधी खेळला नव्हता. डेल्फाला पासष्टचं नाणं परत द्यायचं, तिचा चेहरा बघायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

डबी नीट तडकली. नाणं टॉवेलवर पडलं, साधा ओरखडाही नाही. बैलाच्या डोक्याशी फक्त प्लास्टिकचा एक कण चिकटला होता. असे कण फुंकून उडवायचा रबरी फुगा शेजारीच ठेवलेला होता. आणि व्हर्लिनने अंगठ्याने तो कण पुसला. बैलाकडून गाडीकडे, एकदाच.

मग तो जागच्या जागी थिजला. चांदी पुसायची नाही, हे नाणेमंडळात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तोच तर बजावायचा. नाणं कडेने धरून त्याने दिव्याखाली तिरकं केलं. बैलापासून गाडीपर्यंत केसासारख्या बारीक रेघा चमकल्या. पाच असतील, सहा असतील. पुढे त्याने मोजलं नाही.

आता पाठवलं तर चिठ्ठीवर आकडा येणारच नव्हता. 'पुसलेलं' एवढाच शेरा आला असता, कायमचा. न पाठवावं, तर डबी कुठे गेली? नाणं उलटलं, तर त्या बाजूचा अमेरिकन इंडियन हात पुढे करून उभा होता. थांब म्हणणारा तो हात व्हर्लिनने हजारदा पाहिला होता. या वेळी त्याने नाणं पटकन पालथं घातलं.

पुढचे चार दिवस त्याने डेल्फाला फोन केला नाही. फोन वाजला की तो वाजू द्यायचा. दुसरी डबी मिळवावी, असंही एकदा मनात आलं, आणि आपल्याला असं सुचतं याचीच त्याला जास्त भीती वाटली. अंगठा तो सारखा पँटला पुसत होता.

शनिवारी डेल्फा रूबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड पाई घेऊन आली. बसायच्या आधीच तिने नाण्याचं विचारलं. व्हर्लिनने मऊ कागदावरचं उघडं नाणं तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पक्कड, तो कण, अंगठा. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, पाईकडे बघत होता.

डेल्फाने नाणं एकदा पाहिलं. मग सुरी घेऊन पाई कापायला लागली.

"एवढ्यासाठी तोंड असं झालंय होय? मला वाटलं तुला कॅन्सर झाला," ती म्हणाली. "लहानपणी जत्रेच्या दिवशी बाबा मला ते धरायला द्यायचे. मी फ्रॉकला घासून लख्ख करायची. दरवर्षी. रेघा माझ्या असतील."

"मग तेव्हा तपासणाऱ्याने चौसष्ट कसं दिलं?"

"ते तुला ठाऊक. खा आता."

जाताना तिने नाणं नेलं नाही. उघडंच मांड म्हणाली, आजीने तरी कुठे डबीत ठेवलं होतं. तिची गाडी वळणाआड गेल्यावर व्हर्लिनने दिवा लावला आणि भिंग डोळ्याला लावलं. लहान मुलगी फ्रॉकला नाणं घासते ती गोल गोल. या रेघा सरळ होत्या, बैलाकडून गाडीकडे, सगळ्या एकाच दिशेच्या. पण पाच-सहा रेघा एकदाच फिरलेल्या अंगठ्याने उठतील का?

त्याने फोन उचलला आणि परत ठेवला. तिला विचारायचं होतं ते एवढंच: डेल्फा, तू गोल घासायचीस की सरळ?