छातीवरचा कागद

चिखलोलीच्या रस्त्याने सकाळी फिरायला निघताना सुनेने यंदा मला एक जाड जाकीट पुढे केले. मी ते घेतले नाही. बनियन, त्यावर वर्तमानपत्राचा एक ताव, मग शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर आणि वर बाह्यांचा, हा माझा क्रम ठरलेला आहे.

तरुणपणी याच रस्त्याने मी बदलापूरहून अंबरनाथच्या कारखान्यात सायकलने जात असे. पाळी सातची. मी हंगामी कामगार होतो. त्या हिवाळ्यात एकही खाडा झाला नाही तर कायम करू, असे साहेबांनी सांगितले होते. पहिल्या कडक थंडीत मी एकच जाड कोट चढवून निघालो. चिखलोलीच्या उघड्या माळापर्यंत घामाने भिजलो. कारखान्याच्या आवारात उभा राहिलो आणि तो घाम अंगावर गार पडला. ताप आला. तापातच कामावर गेलो.

रविवारी उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात गरम कपड्यांच्या दुकानात आणखी जाड कोट मागितला. म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने मान हलवली.

“साईं, मोटा एक नहीं, पतले तीन पहनो. बीच में हवा रहने दो.”

मग हातातल्या वर्तमानपत्राचा एक ताव माझ्या छातीवर दाबून तो म्हणाला, “और ये, बनियान के ऊपर.”

ते दुकान आता नाही.

सोमवारी पाळी सुटताना झडती झाली. दुसऱ्या दिवशी उपयोगी पडेल म्हणून ताव मी अंगावरच ठेवला होता. पहारेकऱ्याचा हात छातीवर आला आणि कागद वाजला.

“काय लपवलंय? काढ बाहेर!”

मागची रांग थांबली. चोरीचा नुसता संशय आला असता, तरी कायम होणे संपले असते. मी बटणे सोडली. त्याने ताव उलटसुलट करून पाहिला.

“ही कुठली भाषा?”

“सिंधी.”

“तुला वाचता येते?”

“नाही.”

“मग छातीशी धरून काय करतोस?”

“अहो, तो वाचत नाही, पांघरतो!” मागून कोणीतरी ओरडले. रांग हसली. पहारेकरी हसला नाही. घडी घालून ताव परत देताना त्याने हळूच विचारले, “थंडी अडते खरंच?”

पुढच्या आठवड्यात सकाळी फाटकातून आत शिरताना त्याच्या खाकी डगल्यातून कागद वाजला.

खाडा झाला नाही. थंडी सरताना एका दुपारी कचेरीतून पत्र मिळाले. ते मी बनियन आणि शर्ट यांच्यामध्ये ठेवले. फाटकावर पहारेकऱ्याचा हात छातीवर आला. कागद वाजला.

“आजचा कुठल्या भाषेतला?”

“इंग्रजी.”

“वाचता येतो?”

“हा येतो,” मी म्हणालो.

त्याने बटणे सोडायला लावली नाहीत.