कॉपी झाली

आमचा धाकटा कामाला वाघ, पण उत्तराला थांबेल तर शपथ. "ताई, गोळी घेतलीस ना?" असं विचारायचा आणि मी तोंड उघडेपर्यंत जिना उतरलेला असायचा.

अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या केंद्रात तो मशीनं सांभाळतो. मी तिथेच वाचायला बसायचे. सहा वर्षांत एकतीस पुस्तकं वाचली. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून पाटीवर लिहून बोलते. लिहूनही भांडता येतं, फक्त वेळ लागतो.

रेकॉर्डिंग रोज दुसऱ्या डिस्कवर जावं म्हणून धाकट्याने प्रोग्राम लिहिला होता. कॉपी करायची कमांड कॉम्प्युटरात असतेच. ती हाताने टाइप करण्याऐवजी त्याचा प्रोग्राम आतूनच चालवायचा आणि पडद्यावर लिहायचा, "कॉपी झाली". ते वाचून आम्ही निर्धास्त घरी जायचो.

एका सकाळी मूळ डिस्क बंद पडली. दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले. "घाबरू नकोस, दुसरी आहे," म्हणत धाकट्याने दुसरी उघडली. त्यात माझी चोवीस पुस्तकं होती, शेवटची सात नव्हतीच. ती डिस्क दीड वर्षापूर्वीच भरली होती.

कमांड पार पडली की शून्य परत देते, अडली की दुसरा आकडा. दीड वर्ष रोज दुसरा आकडा येत होता आणि प्रोग्राम तो न बघताच "कॉपी झाली" लिहून मोकळा. वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय.

मी पाटीवर लिहिलं, "माझा आवाज होता तो." त्याने ते दोनदा वाचलं. मला रडू आलं, आणि रागही इतका आला की हातातली पेन्सिल मोडली.

आता शून्य आल्याशिवाय प्रोग्राम "झाली" म्हणत नाही. वरातीमागून घोडं. ती सात पुस्तकं मात्र धाकटा स्वतः वाचायला बसलाय. वाचन कसलं, गाडी सुटायला आल्यासारखा पळतो. मी रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर, काचेपलीकडे हेडफोन लावून बसते. चुकला की हात वर करते, की तो मुकाट्याने मागे जातो.

काल पहिलं प्रकरण संपलं. काचेतून माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "ताई, बरं झालं का?"

मी पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, मुद्दाम सावकाश पुन्हा लिहायला लागले. तो बसून राहिला.