सोमाजीच्या नावाची ताटं

शिनोलीत कुणाचं बरं चाललंय हे सोमाजी बोऱ्हाडेला आधी पोटात कळतं आणि मग कानाने. शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. चुलतभावाच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा "मचूळ असंल," असं त्याने न चाखताच स्टँडवर चार जणांना सांगून टाकलं. तसा माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी दुखणंखुपणं निघालं की पहिला हजर, मयतीला लाकडं जमवायला पहिला. दुसऱ्याचं दुःख त्याला सोसतं, सुख तेवढं सोसत नाही. असे लोक गावोगाव असतात. सोमाजीची पंचाईत एवढीच, की त्याच्या चेहऱ्याला काही लपवता येत नाही.

पण ट्रॅक्टरचं दुखणं दोन दिवसांचं. भावकीतल्या हर्षालीचं तीन वर्षं चाललंय, कारण ती ज्या ताटांवर नावारूपाला आली ती ताटं मुळात सोमाजीची होती.

चौऱ्याण्णव साली सोमाजी जुन्नरला गेला आणि महंमद हनीफच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलची पाचशे ताटं घेऊन आला. चांगली जाड, काठाची. लग्नकार्याला भाड्याने द्यायची, असा विचार. हनीफने तीन दिवस मशीन घेऊन बसून प्रत्येक ताटावर नाव घातलं : सो. भ. बोऱ्हाडे, शिनोली. बोऱ्हाड्यांच्या त्या घरातलं नाव सातबाऱ्याबाहेर कुठे लिहिलं जाण्याची ती पहिलीच वेळ. पहिलं ताट सोमाजीने रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि एसटीतून घरी आणलं. बाकीची मागून टेम्पोने आली.

पंधराएक वर्षं ती ताटं घोडेगावपासून कळंबपर्यंत फिरली. जायची चकचकीत आणि यायची खरकटी. लग्नघरच्या बायका दमलेल्या, पुरुष पान खात बसलेले. मग सोमाजी आणि त्याची बायको साळुबाई विहिरीवर बसून राखेने ताटं घासायची. थंडीत साळुबाईच्या बोटांना भेगा पडायच्या. एखादं ताट कमी आलं की सोमाजी त्या घरी जाऊन असा तमाशा करायचा, की हळद न निघालेल्या नवरीनेसुद्धा आत जाऊन दार लावावं. लोकांना ताटं हवी होती, सोमाजी नको होता. त्यामुळे बुफे आला, थर्माकोल आला, तेव्हा सगळ्यांनीच सुटकेचा श्वास टाकला. खा आणि फेका, घासायचं नाही, मोजायचं नाही आणि सोमाजीचं तोंड बघायचं नाही.

सोमाजीने ताटं माळ्यावर टाकली आणि स्टँडजवळ दुकान थाटलं. कसलं? तर फेकायच्या ताटांचं. ज्याने त्याचा धंदा बुडवला तेच तो विकायला बसला. थर्माकोलवर सरकारी बंदी आली तेव्हा पुढच्या फळीवर कागदी माल मांडला आणि थर्माकोलचे गठ्ठे मागच्या खोलीत नेले, एवढाच काय तो फरक. यात त्याला काही वावगं दिसलं नाही आणि खरं सांगायचं तर गावातही कुणाला दिसलं नाही.

दिसलं ते हर्षालीला. ही सोमाजीच्या भावकीतल्या भरतची बायको. एका वर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि यात्रेच्या जेवणाची सगळी ताटं, वाट्या, पेले उडून तिच्या कांद्यात येऊन बसले. दोन दिवस ती वाकून वेचत होती. तिसऱ्या दिवशी ती सोमाजीच्या दुकानात आली. आता ही भांडणार, म्हणून सोमाजीने आवाज चढवायची तयारी ठेवली होती.

"नाना, तुमच्या माळ्यावरची ताटं हायती का अजून? बचत गटाला पायजेत."

"हायती की. पर काय करनार? लोक आता घासत न्हाईत, बाई."

"बघू तरी."

सोमाजीने पाचशेच्या पाचशे ताटं मोडीच्या भावाने वजनावर देऊन टाकली, आणि संध्याकाळी स्टँडवर हसत सांगितलं, "भंगार खपवलं राव. भरतची बायको लई भोळी."

ती भोळी नव्हती. ताटं दिली त्या पहिल्या लग्नात तिचंही सोमाजीसारखंच झालं, खरकट्या ताटांचा ढीग पडला आणि गटाच्या बायकांनी तो रात्र होईपर्यंत घासला. पण दुसऱ्या लग्नात तिने एक गंमत केली. आपल्याकडे लग्नात लोक कशावरून भांडतात? मानावरून. टोपी कुणाला आधी घातली, नारळ कुणाला दिला, कुणाला विसरले. हर्षालीने मांडवाच्या कडेला पाण्याचे तीन टप मांडले, एकात राख, दुसऱ्यात रिठ्याचं पाणी, तिसऱ्यात साधं पाणी. आणि माईकवर सांगायला लावलं, "पयलं ताट धुन्याचा मान नवरीच्या मामांचा!"

मामा बिचारा काय करणार? मान नाकारला तर बातमी होते. तो फेटा सावरत उठला, ताट धुतलं, हलगी वाजली. लगेच नवरदेवाचे मामा फुगून बसले, आम्हाला का नाही? मग त्यांना मान. मग व्याह्यांना, मग सरपंचांना, मग दोन्हीकडच्या जावयांना. अर्ध्या तासात पुरुषांची रांग लागली. ज्यांनी घरी कधी पेला विसळला नव्हता ते दुसऱ्याचं ताट नीट निघालं नाही म्हणून नावं ठेवायला लागले. वर्षभरात आंबेगाव तालुक्याच्या निम्म्या गावांत ही रीतच पडली. हर्षालीला जुन्नरकडून बोलावणी यायला लागली. पुण्याहून लोक कॅमेरे घेऊन आले. ग्रामसभेत तिला शाल दिली. ऐन लगीनसराईत सोमाजीच्या दुकानातले गठ्ठे उंदरांनी कुरतडले.

सोमाजीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताटं माझी, असं तो मनात म्हणायचा. पहिलं सुचलं ते मला. मी केलं तेव्हा लोक त्याला भाड्याचा धंदा म्हणाले, हिने केलं तर पर्यावरण. मी ताट मागायला गेलो तर कजाग, हिने पुरुषांना राखेत हात घालायला लावले तर हुशार. जिथे जेवायला जावं तिथे पंगतीत समोर ताट यायचं, ताटाच्या काठावर स्वतःचं नाव असायचं आणि माईकवर हर्षालीचं. भात त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. शेवटी तर साळुबाईसुद्धा त्या गटात गेली. ज्या बाईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या तीच दर शुक्रवारी नटून ताटं मोजायला जायची, आणि हसत परत यायची. ते हसणंही सोमाजीला सहन व्हायचं नाही.

त्यात सोनलचं लग्न निघालं. सोनल म्हणजे त्याच्या बहिणीची मुलगी, कळंबची. हिच्यावर त्याचा जीव. त्याने बहिणीला निरोप धाडला, जेवणाची ताटं-वाट्या मामाकडून, दुकानातला चांगल्यातला माल, आहेर समजा. बहिणीचा फोन आला. आवाज जरा कचरत होता. "दादा, रागावू नको. सोनल नगं म्हनती. हर्षालीताईंची ताटं सांगितल्यात."

लग्नात सोमाजी फेटा बांधून बसला होता. पंगत उठली. समोर टप मांडलेले, पाचशे माणूस बघत होतं, आणि माईकवरून आवाज आला, "पयलं ताट धुन्याचा मान, नवरीचे मामा, सोमाजी भगवंत बोऱ्हाडे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षाली स्वतः ताट घेऊन पुढे आली, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर खरोखरचा आनंद. हजारो ताटं त्याने आयुष्यात धुतली होती, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आज हीच बाई त्याचंच ताट त्याला धुवायला देत होती आणि त्याला मान म्हणत होती. तिने मुद्दाम खिजवलं, अशी त्याची खात्रीच पटली.

"आदी माझं नाव काढ त्यावरनं," तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की हलगी थांबली. "ताटं तुझी, मिरवनं तुझं, आन नाव माझं कशाला? माझ्या नावावर तुझी जत्रा नको. येक ताट ठेवू नको माझ्या नावाचं!"

सोनल शालूचा पदर धरून उभी होती, तिचे डोळे भरले. हर्षालीने ताट छातीशी धरलं.

"बरं नाना," एवढंच ती म्हणाली.

सोमाजीला वाटलं होतं ती वाद घालेल. विनवण्या करेल, चार लोक मध्ये पडतील, कुणीतरी म्हणेल की बाबा खरं आहे, सुरुवात याचीच. तसं कुणी म्हणालं नाही. सगळे त्याच्याकडे नवरीला रडवणारा मामा म्हणूनच बघत होते. घरी आल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली, पाचशे ताटांवरची नावं कोण घासत बसतंय? बोलण्यात गेलं, विसरेल.

आठवड्याने दुपारी दुकानात फोन वाजला. जुन्नरहून हनीफ बोलत होता.

"सोमाजीराव, सलाम. तुमच्याकडच्या बाई टेम्पो घिऊन आल्यात. तुमचं नाव पॉलिशवर काढून द्या म्हनत्यात. नाव मी माज्या हातानं घातलंय. तुमाला इचारल्याबिगर मशीन लावायला मन व्हईना. काढू का नको?"

नको, हा शब्द सोमाजीच्या अगदी ओठावर आला. त्याला ते तीन दिवस आठवले. हनीफच्या मशीनची किरकिर, दर दहा ताटांनी येणारा चहा, आणि स्वतःचं नाव बघायला पुन्हा पुन्हा वाकणारा तरणा सोमाजी. तेवढ्यात फोनमध्ये मागून हर्षालीचा आवाज आला, "काय म्हनत्यात नाना?"

त्या आवाजात काळजी होती. सोमाजीला ती ऐकू आली नाही, आवाज हर्षालीचा आहे एवढंच कळलं.

"काढा," तो म्हणाला. "म्याच सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने साळुबाईला जरा ताठ्यानेच ही हकिगत सांगितली. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"म्हंजी खरंच काढाय लावलं तुमी?"

"मग? तिच्या नावानं वाजतंय, माझं कशाला?"

"अवं, कुनाच्या नावानं?" साळुबाई त्याच्याकडे बघत राहिली. "टेम्पो कुटंबी गेला की बाया म्हनायच्या, सोमाजीची ताटं आली. हर्षाली सोता तसंच म्हनायची. कुनी इचारलं की काठावरचं नाव दावून सांगायची, सुरवात ह्या मानसाची हाय. ग्रामसभेत शाल दिली तवाबी हेच बोलली."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी कवा कुनाला बोलू दिलं? तिचं नाव निगालं की उटून जात व्हता."

सोमाजी उठून बाहेर गेला. त्याने दोनदा खिशातून फोन काढला आणि हनीफचा नंबर बघितला. पण नावं काढलेली ताटं घेऊन टेम्पो त्याआधीच घोडेगाव ओलांडून गावाकडे वळला होता.

पुढे यात्रेचा भंडारा आला. सोमाजी पंगतीत बसला, समोर ताट आलं. काठ आरशासारखा गुळगुळीत होता. त्याच्या शेजारी भरतचे पाहुणे सावळेराम बसले होते, मढ गावाकडचे, अघळपघळ बोलणारे. त्यांनी ताट हातात तोलून बघितलं.

"लई जड हाय. आसलं ताट आता मिळत न्हाई. कुनाची म्हनायची ही?"

आमटी वाढणारी बाई घाईत होती. "गावाची," म्हणून पुढे सरकली.

"गावाची आत्ता झाली असत्याल," सावळेराम सोमाजीकडे वळले. "पयल्यांदा कुनीतरी मन लावून घेतली असनार. आसल्या मानसानं नाव घालायला पायजे व्हतं राव."

पंगतीच्या टोकाला हर्षाली उभी होती. तिने ऐकलं. ती काहीतरी बोलायला पुढे झाली आणि सोमाजीच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. तिला मानाच्या गोष्टी कळतात.

"घातलं व्हतं," सोमाजी म्हणाला. घास त्याच्या तोंडातच होता. "त्यानंच काढाय लावलं."

"सोताचं नाव? सोता?" सावळेरामांनी हात जोडून कपाळाला लावले. "काय मानूस असंल! येवढं करायचं आन नावबी ठिवायचं न्हाई. आसं मोटं मन लाखात येकाला असतं, पावनं."

सोमाजीने खाली मान घातली. त्या कधीच नसलेल्या मोठ्या मनाच्या माणसाचा त्याला एवढा हेवा वाटला, जेवढा जन्मात कुणाचा वाटला नव्हता.