परत पाठवलेले फोटो

तो माणूस मला अजूनही डोळ्यांसमोर नको असतो. पण त्यानं काढलेले फोटो माझ्याच टेबलावर येतात, मग करता काय?

मी लोह्याजवळच्या एका खेड्यातली. लहानपणी माझ्या शाळेचा खर्च परदेशातली एक बाई एका संस्थेमार्फत करायची. तिला वर्षातून एकदा माझं पत्र आणि फोटो जायचा. फोटो काढायला संस्थेचे सर यायचे. एका वर्षी ते नेमके भीमजयंतीला आले. अख्खी वस्ती नव्या कपड्यांत. आमच्या घरी नवं कापड यायचं ते जयंतीलाच. आईनं हरभरा काढायच्या मजुरीतून मला पिवळा फ्रॉक घेतला होता. सरांनी मला खालून वर पाहिलं. "हे काय? त्या बाईला वाटंल, हिला काय कमी हाय! जा, जुना घालून ये. चप्पल पण नको." विहारापुढं, सगळ्यांदेखत. आईनं माझा हात धरला, घरी नेलं आणि उसवलेला झगा चढवला. मिरवणूक निघाली तेव्हा मी त्याच झग्यात रडत बसले होते. तेव्हाच ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

नशीब बघा, शिकून मी त्याच संस्थेच्या लातूरच्या ऑफिसात लागले. मुलांचे फोटो पास करायचं काम माझं. आणि सर अजून गावोगाव फोटो काढत फिरून राहिले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. बरंच झालं! पोरगं फाटक्या कपड्यात दिसलं की मी फोटो परत पाठवायची. 'पुन्हा काढा' एवढंच लिहायची, कारण मुद्दाम लिहायची नाही. फिरू दे म्हणलं म्हाताऱ्याला मे महिन्याच्या उन्हात, स्कूटरवर, कंधार ते लोहा. लई गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका पोरीचा फोटो मी तीनदा परत केला. सरांना वाटलं, गरिबी कमी पडून राहिली. दर वेळी पोरीचा कपडा आणखीच फाटका! शेवटी ते तिला आणि तिच्या आईला घेऊन थेट ऑफिसात आले. आई माझ्या पायाशी वाकली. "म्याडम, आज फोटो गेला न्हाई तर हिचं नाव कापतेत म्हणं. आमी काय केलं ओ?" सूड मी सरांवर उगवत होते आणि शाळा सुटणार होती ह्या पोरीची. स्वतःची लाज वाटली.

"चांगला कपडा नाही का एखादा?" मी विचारलं.

"हाय की." आईनं पिशवीतून कोरा करकरीत ड्रेस काढला.

"मग घातला कामून नाही?"

तिनं सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

पोरगी आतल्या खोलीतून ड्रेस घालून आली आणि अशी काही हसली की बस. फोटो मीच काढला, मीच पास केला, तिथल्या तिथं पाठवला. मायलेकी खाली गेल्यावर मी सरांना थांबवलं.

"जयंतीच्या दिवशी भरल्या वस्तीत एका पोरीला नवा फ्रॉक बदलायला लावला होता तुम्ही. ती मी."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि माझ्याकडं पाहिलं.

"गाव कोणतं तुमचं, मॅडम?" ते म्हणाले. "लई जणींला बदलायला लावलेत मी. कोणती कोण, आता ध्यानात न्हाई राहिलं."